पंडित कॉलनीतली बंगली, चार मुली आणि माझे प्रश्न (सल्ला हवा आहे)

जुनी_बंगली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं. नाशिकला पंडित कॉलनीतली त्यांची बंगली तेव्हापासून बंदच आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, गच्ची, मागे एक आंब्याचं झाड. यजमान म्हणतात बिल्डरला देऊन मोकळे होऊ. मुलगा पुण्यात, त्याचं त्यात काही अडलेलं नाही. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलंय.

आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या ताई पेठ तालुक्यातल्या. त्यांच्या भाचीला गेल्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात बी.फार्मला प्रवेश मिळाला. २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे, त्यामुळे पैशांचं फार ओझं नव्हतं. पण वसतिगृहात नंबर लागला नाही. फुलेनगरला नात्यातल्या एका मावशीकडे राहिली. एक खोली, सात माणसं. दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही. ताई सांगत होत्या, पोरगी हुशार आहे पण वाचायचं कुठे, तर मोरीच्या दारात बसून, कारण रात्री दिवा तिथेच चालू ठेवू देत.

ते ऐकल्यापासून चैन नाही. बंगलीत चार, फार तर पाच मुली ठेवाव्यात असं मनात आहे. भाडं नाही, विजेपुरतं काही घेऊ. मी बँकेतून निवृत्त झालेय, वेळ आहे. मात्र ते नुसतं फुकट पीजी होऊ नये, मुली तिथे फुलाव्यात असं वाटतं. वहीत काढलेला आराखडा असा: गेटवर आणि जिन्यात सीसीटीव्ही, संध्याकाळी सातला सगळ्या आत, रात्री नऊनंतर मोबाईल माझ्याकडे जमा, घरात शाकाहारच, रविवारी सकाळी दोन तास इंग्रजी संभाषण आणि थोडे संस्कारवर्ग.

अनुभवी लोकांनी सांगावं, यात काय राहिलं?

तपोवन

अभिनंदन. आधी कागदं. चारही मुलींच्या पालकांचे फोन, आधारच्या प्रती आणि पोलीस ठाण्यात माहिती, हे पहिल्या दिवशी. गॅसची नळी बदला, गिझरचं अर्थिंग तपासा. जुन्या बंगल्यांमध्ये वायरिंग भयंकर असतं, आमच्या द्वारकेच्या घरात याच कारणाने एकदा जळता जळता वाचलो.

ठेचा_भाकर

सातला आत? बी.फार्मचं प्रॅक्टिकल सहाला सुटतं. पोरीने काय भिंतीवरून उडी मारायची? :))

बाकी कल्पना झकास. पुढील लेखनास शुभेच्छा.

वकीलसाहेबा

ताई, हेतू चांगला असला तरी एक रेघ आधी आखून घ्या: अठरा वर्षं पूर्ण झालेल्याच मुली. अकरावी-बारावीची कोणी कितीही गयावया करत आली तरी ठेवायची नाही.

कारण असं की निराधार किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणारी कुठलीही जागा, मग ती सरकारी असो वा खासगी, देणगीवर चालो वा स्वतःच्या खिशातून, बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर कलम ४२ आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. आईवडील असलेली सतरा वर्षांची मुलगी शिकायला येऊन राहिली तर ती आपोआप त्या व्याख्येत बसत नाही, हे खरं. पण उद्या एखादीचे आईवडील नाहीत, काका पोचवून गेला आणि परत फिरकलाच नाही, तर? अशा मुलीसाठी बाल कल्याण समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्य, निर्णय त्यांचा. आपण आपल्या मनाने घरात घेऊन ठेवायचं नसतं. रात्री-अपरात्री कळलं तर १०९८, मुलांसाठीचा मदत क्रमांक.

दुसरं, प्रत्येकीशी लिव्ह अँड लायसन्सचा करार करून तो नोंदवा. रक्कम नाममात्र लिहा. आपल्या राज्यात नोंदणी बंधनकारक आहेच, शिवाय राहण्याचा पुरावा मुलीच्या हातात राहतो. आदिवासी मुलींना वसतिगृह मिळालं नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यात येतात, तिथे असे कागद कामी येतात.

तिसरं आणि नाजूक. कुणाची धाकटी बहीण सुट्टीला आली, आणि तिने तुमच्यापाशी काही वाईट प्रसंग सांगितला, तर 'घरातली गोष्ट घरात' हा पर्याय नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची असते.

मोबाईल जमा करण्याबद्दल: सज्ञान व्यक्तीचा फोन काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? :)

कोटंबी_घाट

मी लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण रविवारचे संस्कारवर्ग वाचले आणि राहवलं नाही.

ताई, राग मानू नका. पहिलीपासून दहावीपर्यंत आश्रमशाळेत, मग नाशिकला वसतिगृहात, आता अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे पंधरा वर्षं मी घंटेवर उठलो, घंटेवर जेवलो. संस्कार भरपूर झाले आहेत. पाहुणे आले की प्रार्थना, फोटो, हार, भाषण. 'मुलांनो, तुम्ही शिकून मोठे व्हा.' ते भाषण मी अजून झोपेत म्हणू शकतो.

जे मिळालं नाही ते सांगतो. माझी म्हणून एक जागा. पत्र्याची पेटी होती पण तिचं कुलूप अधीक्षक कधीही उघडायला लावत. रात्री भूक लागली तर खायला काही नसे. सव्वासातला जेवण, मग सकाळपर्यंत शुकशुकाट. सतरा-अठराचं वय, फुटबॉल खेळून आलेलं पोरगं, त्याला रात्री अकराला भूक लागते हो! डब्यात चार पोळ्या आणि चटणी ठेवा, बाकी सीसीटीव्हीचे पैसे वाचवा.

आणि शाकाहार. आमच्याकडे आठवड्याच्या बाजारातून सुकट आली की तो सण. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, खुरसणीची चटणी, सुकट. यातलं सुकट तुमच्या घरात चालणार नसेल तर घर तुमचं, नियम तुमचा, पण मग 'आपलं घर समजा' असं त्यांना म्हणू नका. समजणार नाहीत. मान डोलावतील फक्त.

शेवटचं. वसतिगृहाची खरी परीक्षा जून-जुलैत होत नाही, दिवाळीत होते. कुलूप लागतं. सगळे ठक्कर बाजारला एसटी पकडायला पळतात. आमच्यात एक होता, त्याची आई वारलेली, बाप दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला मजुरांच्या टोळीत. घरी कुलूप, वसतिगृहाला कुलूप. तो त्या वर्षी बारा दिवस माझ्या घरी आला. दुसऱ्या वर्षी लाजला, बोलला नाही. नंतर कळलं स्टँडवर झोपत होता. तिसऱ्या वर्षी शिक्षणच सोडलं.

तुमच्या वहीत दिवाळीचं काय लिहिलंय?

ठेचा_भाकर

+१. आणि हसण्याची बाहुली मागे घेतो.

जुनी_बंगली

वहीत दिवाळीचं काहीच लिहिलेलं नाही. सुट्टीत मुली घरी जातील असं गृहीत धरलं होतं.

खरं सांगते, वाचून आधी वाईट वाटलं. चांगलं करायला निघाले आणि पहिल्याच दिवशी झोडपलं गेलं असं झालं. यजमानांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, 'तो मुलगा बरोबर बोलतोय, तू चहा कर.'

सुकटीचं मात्र अवघड आहे. सासूबाईंचं देवघर त्याच घरात आहे.

तपोवन

देवघर तुमच्या घरी हलवा. देव काही बंगलीच्या सातबाऱ्यावर नाहीत.

बापू_रविवारकारंजा

देवघर, सुकट हा वाद चालू राहू द्या, मी जरा मागचं सांगतो. वय ७८, त्यामुळे विषयांतराचा हक्क आहे.

नाशकात बाहेरगावच्या पोरांना शिकायला ठेवून घेणं काही नवीन नाही. पंचवटीत, जुन्या नाशकात वेदशाळेची आणि इंग्रजी शाळेची पोरं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. माझे आजोबा तसेच शिकले. पण ती सोय कुणाची होती? ठरावीक जातीच्या पोरांची. बाकीच्यांना ना वार होता ना माधुकरी, म्हणून तर बोर्डिंगं निघाली. मविप्र, म्हणजे मराठा विद्या प्रसारक ही शिक्षणसंस्था, १९१४ ची. तिच्या मुळाशी शाळेइतकंच उदाजी बोर्डिंग होतं. १९२० साली त्या वसतिगृहाची कोनशिला बसवायला खुद्द शाहू महाराज नाशकात आले होते. ज्या माणसाने कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाचं वसतिगृह उभं केलं, त्याला पक्कं ठाऊक होतं की शाळा काढून भागत नाही, पोराला रात्री पाठ टेकायला जागा लागते. दादासाहेब गायकवाडांनी दलित मुलांसाठी इथे वसतिगृह चालवलं. पेठ-सुरगाण्याकडे दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ काढलं. हे सगळे लोक आधी छप्पर आणि भाकरी बघत, फळा-खडू त्यानंतर.

तेव्हा माझी सूचना: वार परत सुरू करा. कॉलनीतल्या पाच घरांनी एकेका मुलीला दर रविवारी जेवायला बोलवावं. ओळखी होतील, शहरात चार घरं आपली होतील.

१८_पूर्ण

बापूकाका, इतिहास छान सांगितलात. वाराची सूचना मात्र कृपा करून नको.

मी बालगृहात वाढले. कुठल्या, ते सांगत नाही. आमच्याकडे वार नव्हते पण वाढदिवस होते. आमचे नव्हे, देणगीदारांचे. कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध. श्रीखंड-पुरी यायची. आम्ही रांगेत उभं राहून प्रार्थना म्हणायची, मग जेवायचं, मग 'थँक्यू आजी' म्हणायचं. त्या लोकांचा हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्याच्या ताटावर बसलं की माणूस सारखा आपला चेहरा सांभाळत राहतो. आवडलं नाही तरी 'छान झालंय' म्हणायचं, दुसऱ्यांदा मागायचं नाही.

मी इथे लिहितेय कारण ताईंनी 'मुली फुलाव्यात' असं लिहिलंय. अठरा झाल्यावर काय होतं ते थोडं सांगते. त्या दिवशी केक कापला. पुढच्या महिन्यात बॅग भरली. बाल न्याय कायद्यात सोय आहे: कलम ४६ खाली संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत, अनुरक्षणाची (बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) व्यवस्था एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत. आपल्या राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, मला पुढे त्याचा उपयोगही झाला. पण त्या महिन्यात मला जे येत नव्हतं त्याची यादी वेगळी आहे. गॅस पेटवता येत नव्हता, कारण स्वयंपाकघरात आम्हाला जाऊच देत नसत, भाजेल म्हणून. पाव किलो मिरच्या म्हणजे केवढ्या ते माहीत नव्हतं. खोलीत एकटं झोपले नव्हते कधी, आयुष्यात! पहिल्या रात्री दिवा चालू ठेवून भिंतीला पाठ लावून बसले.

आणि फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो. बँक, परीक्षा, नोकरी, सिमकार्ड. दर वेळी पेन तिथे थांबायचं.

कोणी मला विचारलं की काय दिलं तर पोरगी उभी राहते, तर मी दोन गोष्टी सांगेन. तिथला पत्ता लिहायची परवानगी, शिक्षण संपल्यावरही. आणि दाराची किल्ली. तुम्ही गेट उघडून आत घ्यायचं असं नाही, तिच्या पर्समध्ये तिची किल्ली.

तपोवन

किल्ली धोक्याची वाटते. एकीने कुणाला आणलं तर?

१८_पूर्ण

आणणारी किल्लीशिवायही आणते, दादा. किल्ली असलेली निदान लपवत नाही.

बापू_रविवारकारंजा

पोरी, पटलं. आजोबांचीच एक गोष्ट मी वर लिहायची टाळली. एका घरी त्यांना माजघरात नाही, ओट्यावर पान वाढत. पाऊस असला तरी ओट्यावरच. म्हातारपणीसुद्धा त्या गल्लीतून जायचे नाहीत. हे ठाऊक असून मी वार सुचवला. माणसाला दुसऱ्याच्या घरचं खाणं लांबून फार गोड दिसतं.

ऋतूची_आई

विषय निघाला म्हणून विचारते. माझा मुलगा स्वमग्न आहे, पुढच्या वर्षी अठरा पूर्ण. शाळा संपेल. पुढे काय? त्याला बँकेत सही करायला लावतात, त्याला ते समजत नाही.

वकीलसाहेबा

ऋतूची आई, राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ बघा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, अर्ज तिथे. अठराव्या वाढदिवसाची वाट न बघता कागद आत्ताच गोळा करा. आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर आधी ते.

शाळेनंतरच्या कामासाठी प्रबोधिनीत जाऊन बोला. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये नाशकात ती शाळा सुरू केली तेव्हा अशा मुलांसाठी इथे जवळजवळ काहीच नव्हतं. संरक्षित कार्यशाळा कशी चालते ते तिथे डोळ्यांनी बघता येईल.

व्यवस्थापक

ऋतूची_आई, या विषयावर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. इथे प्रतिसाद हरवतील.

निवृत्त_गृहपाल

चोवीस वर्षं मुलींच्या वसतिगृहांवर गृहपाल होते. शेवटच्या ठिकाणी नव्वद मुली आणि मी एकटी. त्यामुळे चार मुलींचा धागा वाचून आधी हेवाच वाटला.

भांडणं कशावरून होतात ते सांगते, बाहेरच्या माणसाला हे सुचत नाही. चार्जिंगचा पॉइंट, गरम पाणी, कपडे वाळत घालायची दोरी. चार मुली तर चार पॉइंट खाटेपाशीच. प्रत्येकीची दोरी वेगळी, आणि ती गच्चीवर आडोशाला. आतले कपडे लोकांच्या नजरेसमोर वाळत घालायला लागू नयेत म्हणून मुली ओलेच घालतात, मग खाज, मग डॉक्टर. हे मी शंभरदा पाहिलंय. कुठल्याही नियमावलीत ते लिहिलेलं नसतं.

पहिले पंधरा दिवस रात्री आठच्या सुमाराला रडू येतं. तेव्हा समजूत घालायला जाऊ नका. शेंगा फोडायला द्या, मेथी निवडायला बसवा, स्वतः शेजारी बसा. हात चालले की तोंड उघडतं.

आता अभ्यासाचं. आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी विज्ञान मराठीत शिकलेली असते आणि पदवीला एकदम सगळं इंग्रजी. तिला संभाषणाचा वर्ग नकोय ताई, तिला त्या विषयाचं पुस्तक कोणीतरी पहिले तीन महिने शेजारी बसून वाचायला हवंय. 'सोल्यूबिलिटी म्हणजे विद्राव्यता, तू आठवीत शिकलीस तीच' एवढं सांगणारं कोणीतरी. पहिल्या सत्राचा निकाल हा सगळ्यात धोक्याचा आठवडा. दोन विषय राहिले की मुलगी 'घरी जाऊन येते' म्हणते. ती गेली की लग्न ठरतं. मी शेवटी शेवटी काय करायचे, तर निघताना परतीच्या एसटीचे पैसे हातात द्यायचे आणि एखादी माझी वस्तू. डबा, स्वेटर. 'हे परत आण गं सोमवारी.' दहातल्या सात-आठ जणी स्वेटरसाठी म्हणून परत यायच्या. (दोन स्वेटर अजून कळवणला आहेत.)

एखादी जेवेना, बोलेना, झोपेना, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर 'होईल ठीक' म्हणू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन लावून तिच्या हातात द्या. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

सातच्या नियमाबद्दल: वेळ ठरवू नका, कळवायचं ठरवा. 'उशीर होतोय' असा एक निरोप. तो न येता नऊ वाजले तर मात्र तुम्ही फोन करायचा, आणि ती आल्यावर आधी जेवायला वाढायचं, प्रश्न सकाळी.

ठेचा_भाकर

स्वेटरचा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला.

सुरगाणा_डायरी

मी सध्या नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मैत्रिणीने ही लिंक पाठवली, म्हणून खातं उघडलं.

कोटंबी दादांनी दिवाळीचं लिहिलं. मुलींचं दुखणं मे महिन्याचं आहे. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की नाशिकवाल्यांना खरं वाटणार नाही, पण मार्च उजाडला की विहिरी तळाला. घरी गेलं की पहाटे चारला हंडा. एक फेरी दीड तासाची, दिवसातून तीन. आईला बघवत नाही म्हणून आपणच जातो. जूनच्या परीक्षेचं पुस्तक बॅगेतून निघतच नाही. पण आईला 'मी सुट्टीत येत नाही' असं सांगायची हिंमत कुणात आहे? सगळा गाव म्हणेल शहराची हवा लागली.

बंगली मे महिन्यात उघडी असेल तर ते सगळ्यात मोठं काम. आठ दिवस घरी, बाकीचे दिवस इकडे अभ्यासाला, असं कुणीतरी मोठ्या माणसाने घरी फोन करून सांगितलं की घरचे ऐकतात. मुलीने सांगितलं की भांडण होतं.

उलट होळीला मात्र आम्हाला अडवू नका. तुमची दिवाळी तशी आमची होळी. कॉलेजात एक दिवसाची सुट्टी असते, आम्ही चार दिवस जातो. नंतर हजेरीसाठी खोटी आजारपणं सांगावी लागतात. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे येणंजाणं परवडतं तरी.

अजून एक, छोटंसं. आम्ही आपसात कोकणा, म्हणजे आमची आदिवासी बोली, बोलतो. वसतिगृहात येणाऱ्या एक बाई हसायच्या, 'काय गं ही भाषा' म्हणून. मग आम्ही त्यांच्यासमोर बोलणंच बंद केलं. त्यांना वाटलं मुली शिस्तीच्या झाल्या.

जुनी_बंगली

तीन दिवस उत्तर दिलं नाही, वाचत होते. सुरगाण्याच्या ताईचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवताना आवाज लागेना.

वही फाडली. नवीन लिहिलंय ते असं. देवघर आमच्या फ्लॅटवर आणते. स्वयंपाकघर मुलींच्या ताब्यात, पोळ्यांच्या ताई सकाळचं करून देतील, रात्रीचं मुली आपापसात ठरवतील. सुकट भाजायची तर मागच्या अंगणात चूल आहे, सासूबाई तिच्यावर पाणी तापवायच्या. कॅमेरा फक्त गेटवर. घर बारा महिने उघडं. पत्ता वापरायचा तर वापरा, पत्रं आली तर मी ठेवून घेईन. फार्मसीची पुस्तकं शेजारी बसून वाचायला आमच्या कॉलनीत एक निवृत्त प्राध्यापिका आहेत, त्या 'बघू' म्हणाल्या आहेत. त्यांचं 'बघू' म्हणजे निम्मं हो.

किल्लीवर अजून अडले आहे. नऊ तासांच्या नोकरीत पस्तीस वर्षं तिजोरीची किल्ली सांभाळली, दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या असल्याशिवाय दार उघडत नाही ही सवय. चौघींना चार किल्ल्या म्हटलं की पोटात गोळा येतो.

निवृत्त_गृहपाल

येऊ द्या. मलाही शेवटपर्यंत यायचा.

कोटंबी_घाट

ताई, मी तुमच्यावर जरा जास्तच धावून गेलो. एक रविवार मोकळा ठेवतो, वायरिंग बघून देतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे. चार खाटांचे चार पॉइंट मी काढून देईन, वायर तुमची.

जुनी_बंगली

धागा वर आणते आहे. सात महिने झाले.

जूनमध्ये तिघी आल्या, ऑगस्टमध्ये चौथी. चौथी म्हणजे ताईंची तीच भाची. आम्ही दोघी पेठला जाऊन तिच्या वडिलांशी बोललो. सावळघाटात मला गाडी लागली, त्यामुळे भाषण करायचं त्राणच उरलं नव्हतं. वडिलांनीच काळा चहा पाजला आणि म्हणाले, घेऊन जा. वर्ष वाया गेलं, पण परत पहिल्या वर्षाला बसली आहे.

सगळं गोड चाललंय असं नाही. एकीने आल्या महिन्याभरातच मला 'तुम्ही सारख्या येता' असं तोंडावर सांगितलं. आता फोन करून जाते. गच्चीवरच्या मोठ्या हसण्यावरून शेजारच्यांनी दोनदा तक्रार केली. गणपतीत चौघींनी त्यांच्याकडे जाऊन आरतीला टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून जरा निवळलंय. एकीचे पहिल्या चाचणीत दोन विषय गेले. तिला गावी जाताना माझी हिरवी शाल दिली. ती परत आली, शाल आली नाही. आईला आवडली म्हणे.

दिवाळीत दोघी गावी गेल्या, दोघी थांबल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फराळ घेऊन गेले तर दाराला कुलूप. घाबरले. फोन केला तर दोघी गोदाघाटावर दिवे बघायला गेलेल्या. 'काकू, किल्ली आहे ना तुमच्याकडे, आत बसा, आम्ही येतोच' असं मला सांगितलं. आणि माझी किल्ली घरी राहिलेली. पाऊण तास पायरीवर बसले, डब्यातल्या चार करंज्या संपवल्या.

आता पाचव्या मुलीचं विचारणं आलंय, बारावी झालेली, अठरा पूर्ण, वकीलसाहेबा, जन्मदाखला स्वतः बघितला. काल शालिमारला जाऊन पाचवी किल्ली करून आणली.

एक विचारायचं होतं. कुणाकडे जुना पण चालू फ्रीज आहे का? सुकटीचा डबा बाहेर ठेवला तर मांजर जाळीचं दार उघडायला शिकलं आहे.

ठेचा_भाकर

आहे. १६५ लिटर, दार लावताना जरा आपटावं लागतं. टेम्पो तुमचा.